गुणसूत्रं दुप्पट झालेलं झाड खारवट पाणी जास्त सोसतं का? सोलापुरात लिंबाच्या रोपांवर तपासायचं असेल तर हे वाचा

आपल्याकडे उजनीच्या कालव्याखाली ऊस आला आणि पाठोपाठ पंढरपूर, मोहोळ, मंगळवेढा भागात कितीतरी रानं पांढरी पडली. बोअरचं पाणी मचूळ, वाफ्यावर मिठाचा पापुद्रा, पानांची टोकं जळालेली, हे कुणाला नवीन नाही. त्यामुळे बीएस्सी-एमएस्सीची पोरं आणि आता काही नर्सरीवालेसुद्धा विचारायला लागलेत की गुणसूत्रं दुप्पट केली की झाड क्षार सोसतं म्हणतात, ते आपल्याला करून बघता येईल का. येतं. मी यातून गेलोय, आणि सुरुवातीला नीट क्रमाने सांगणारं कुणी भेटत नाही म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. मिठाच्या बाबतीत निकाल झाडाच्या मुळांवर ठरतो. शेंड्याची गुणसूत्रं दुप्पट झाली आणि मूळ तसंच साधं राहिलं तर तुमची टेस्ट भलत्याच झाडाची होते. म्हणून नवख्या माणसाने कोल्चिसिनच्या (गुणसूत्रं दुप्पट करणारं रसायन) मागे न लागता लिंबाच्या खुंटाच्या, म्हणजे ज्यावर डोळा भरतात त्या मुळाकडच्या झाडाच्या, रोपांपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. का, ते पुढे येतंच.

१. आधी नेमकं काय होतं ते समजून घ्या

लिंबूवर्गातल्या झाडांच्या पेशीत साधारण १८ गुणसूत्रं असतात, म्हणजे दोन संच. ती दुप्पट झाली की ३६, चार संच. अशा झाडाला चतुर्गुणित म्हणतात, लॅबमध्ये सगळे टेट्राप्लॉइडच म्हणतात. पेशी मोठी होते, पान जाड आणि रुंद होतं, पर्णरंध्रं मोठी पण संख्येने कमी, मुळं जाडसर आणि त्यांना फाटे कमी, आणि वाढ हळू. यातूनच क्षाराचा फायदा येऊ शकतो. झाड पाणी कमी उडवतं म्हणून पाण्याबरोबर मीठही कमी ओढतं, आणि मुळाची रचना बदलल्यामुळे सोडियम, क्लोराइड वर जाण्याचं प्रमाण बदलतं.

२०१३ साली अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपावर झालेल्या कामात दिसलं की गुणसूत्रं दुप्पट असली की पानात पोटॅशियम जास्त भरतं आणि रोप मीठ जास्त सोसतं, आणि कलमं करून बघितल्यावर कळलं की हे मुळाच्या गुणसूत्रांवर ठरतं, शेंड्याच्या नाही. झाडांमध्ये रोबिनिया, पाउलोनिया यांची चतुर्गुणित रोपं साध्या रोपांपेक्षा क्षारात बरी टिकल्याचे अभ्यास चीनमधून आलेत. लिंबूवर्गातल्या खुंटांवर २००८ साली असाच चांगला निकाल आला. पण २०१० साली लिंबूवर्गातच दुसरा निकाल आला की पाणी भरपूर मिळत असेल तर चतुर्गुणित रोपं मिठाला उलट जास्त नाजूक होतात. दोन्ही वाचा. नुसता पहिला वाचून "डबल केलं की खारवट रानात चालणार" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

आणि हो, आपल्याकडची बोर बघा, लागवडीतल्या बोरीला ४८ गुणसूत्रं, म्हणजे ती मुळातच चतुर्गुणित. वेडी बाभूळही तशीच, ५६. दोन्ही खारवट रानात मजेत येतात. पण त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका, ती झाडं पिढ्यानपिढ्या तशाच रानात निवडली गेलीत, काल दुप्पट झालेल्या रोपाची गोष्ट वेगळी आहे.

२. झाड कोणतं घ्यायचं

जंबेरी किंवा रंगपूर लिंबू. दोन्ही खुंट म्हणून वापरतात, बी मिळतं, आणि यांच्या एका बियातून बऱ्याचदा दोन-तीन रोपं निघतात. यातली बहुतेक रोपं परागापासून न होता आईच्याच पेशीपासून होतात, म्हणजे ती आईची हुबेहूब नक्कल. कधीकधी आईच्या त्या पेशीत गुणसूत्रं आपोआप दुप्पट होतात आणि त्यातून जे रोप येतं ते शेंड्यापासून मुळापर्यंत पूर्ण चतुर्गुणित असतं. कुठलंही औषध न लावता.

याच्यात दोन मोठे फायदे आहेत. मूळही चतुर्गुणित असतं, हा पहिला. आणि त्याच वाफ्यातली साधी रोपं त्याच आईची नक्कल असतात, त्यामुळे तुलनेला याहून चांगली जोडी मिळणार नाही, फरक फक्त संचाचा. असं रोप किती मिळतं? शेकड्याला एखाद-दुसरं, कधी तेही नाही, जातीवर आणि हवामानावर आहे, थंड भागात प्रमाण जास्त दिसलंय. आपल्या उन्हाळ्याच्या गावात जास्त रोपं बघायची तयारी ठेवा, पाचशे-हजार रोपांचा वाफा नजरेखालून गेला पाहिजे.

डाळिंबावर करायची खूप जणांना हौस असते, साहजिक आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच गावात आहे आणि भगवा आपल्या जिल्ह्याची ओळख. पण डाळिंबात असं आयतं चतुर्गुणित रोप मिळत नाही, तिथे कोल्चिसिन आणि टिश्यू कल्चर लागतं. ते दुसऱ्या टप्प्याला ठेवा.

३. काय काय लागेल

सामान:
- ताजी पिकलेली फळं, शक्यतो एकाच झाडाची
- रोपांच्या पिशव्या, धुतलेली वाळू, कोकोपीट
- ईसी मीटर (ईसी म्हणजे पाण्या-मातीतल्या क्षाराचं माप, इथले सगळे आकडे डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) आणि पीएच मीटर (स्वस्तातलं पेनासारखं चालतं, पण कॅलिब्रेशनचं द्रावण सोबत घ्याच)
- मायक्रोस्कोप, डोळ्याच्या भिंगात बसणारी मोजपट्टी
- बिनरंगी नेलपॉलिश, सेलोटेप, काचपट्ट्या
- लॅबचं शुद्ध सोडियम क्लोराइड. घरचं आयोडीनवालं मीठ नको
- ग्रॅमचा काटा, ५ किलोपर्यंत वजन घेणारा
- नंबर ठोकलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या. मार्करने लिहिलेली लेबलं सोलापूरच्या उन्हात दोन महिन्यांत कोरी होतात

कागदपत्रं: गाइडची सही असलेला प्रकल्पाचा आराखडा, कॉलेजचं लॅब वापरायचं परवानगीपत्र, नर्सरी मालकाची लेखी संमती आणि रोपांची पावती, ज्या रानासाठी विचार करताय तिथल्या माती आणि पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट. पाण्याच्या रिपोर्टमध्ये नुसता ईसी नको, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट, सोडियम, कॅल्शियम वेगवेगळं मागून घ्या. एक रोजवही ठेवा, मोबाइलवर नाही तर कागदावर.

४. बी टाकणं

लिंबाचं बी वाळून ठेवलं की मरतं, म्हणून फळातून काढलं की चिकटा धुवा, सावलीत जरा सुकवा, बुरशीनाशक लावा आणि लगेच गादीवाफ्यात किंवा ट्रेमध्ये टाका. डिसेंबर-जानेवारीत टाकलं तर पावसाळ्याच्या तोंडाला निवडायला रोपं तयार होतात. थंडीत उगवायला वेळ लागतो, महिनाभर तरी धीर धरा. यात एवढंच.

५. वाफ्यातून रोपं निवडणं

खरी मजा आणि खरा घोळ इथे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

स्वतः बी टाकायला जागा नसेल तर सरळ एखाद्या मोठ्या नर्सरीत जा आणि पहिली छाटणी कधी आहे ते विचारा. नर्सरीत पिशवीत भरताना खुजी, जाड पानाची, मागे पडलेली रोपं काढून बांधावर टाकतात, कारण त्याचा लवकर खुंट होत नाही. तुम्हाला हवीत ती नेमकी त्याच ढिगात असतात. मी गेलो त्या नर्सरीतले काका म्हणाले, "ही भुंडी रोपं कशाला पायजे तुला? फुकट ने की सगळी." आणि बाजूच्याच ढिगातून एक रोप उचलून दाखवलं. बाकीची रोपं वीत-दीड वीत झालेली, हे जेमतेम चार बोटं. पान बोटांत धरलं की फरक लगेच कळत होता, शेजारच्या रोपाचं पान कागदासारखं लवचिक आणि याचं जाड, कडक, गडद हिरवं, लांबट असण्याऐवजी गोलसर, देठाला लागून असलेला पंख रुंद, उजेडात धरलं तर तेलाचे ठिपके मोठे. मूळ उपटल्यावर मुख्य सोट जाड आणि बारीक तंतुमुळं कमी.

निवडताना या खुणा एकत्र बघा. नुसतं खुजं रोप म्हणजे चतुर्गुणित नव्हे. ते मूळकुजीने, सूत्रकृमीने, कमी खताने, किंवा एका बियातल्या तीन भावंडांत सगळ्यात मागे राहिल्यानेही खुजं असतं. आणि वेगळं दिसणारं रोप परागापासून आलेलं संकरितही असू शकतं, ते दुप्पट नसतं पण आईची नक्कलही नसतं. म्हणून संशयित रोपं काढा, प्रत्येकाला नंबर द्या, आणि त्याच वाफ्यातली सरासरी दिसणारी रोपंही तेवढीच घ्या. फक्त जोमदार रोपं तुलनेला घेतली तर पुढचा सगळा हिशोब वाकडा होतो.

६. खात्री करणं

पहिली चाळणी पर्णरंध्रांची. शेंड्याकडून तिसरं-चौथं पूर्ण उघडलेलं पान घ्या, सगळ्या रोपांचं त्याच जागचं. लिंबाची पर्णरंध्रं पानाच्या खालच्या बाजूला असतात, तिथे नेलपॉलिशचा पातळ थर द्या, वाळला की सेलोटेपने उचला आणि काचपट्टीवर चिकटवा. ४० च्या भिंगाखाली रक्षक पेशींची (रंध्राच्या दोन बाजूंच्या पेशी) लांबी मोजा, एका पानावर किमान वीस. चतुर्गुणित रोपात लांबी साधारण सव्वा ते दीडपट येते आणि एका नजरेत दिसणारी रंध्रांची संख्या कमी होते. वरच्या बाजूचा ठसा घेऊन "रंध्रंच नाहीत" म्हणत बसणारी पोरं दरवर्षी असतात, पान उलटं करा.

दुसरी चाळणी गुणसूत्रांची मोजणी. सकाळी वाढत्या मुळांची पांढरी टोकं घ्या, ८-हायड्रॉक्सिक्विनोलिनच्या ०.००२ मोलर द्रावणात तीन-चार तास, मग तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग असेटिक अ‍ॅसिडमध्ये रात्रभर, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रीजमध्ये ठेवता येतात. नंतर ६० अंशाला एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये आठ-दहा मिनिटं, असेटोकार्माइनचा रंग, आणि काचपट्टीवर अंगठ्याने सरळ दाब. लिंबाची गुणसूत्रं फार बारीक असतात, पहिल्या पट्टीत ३६ दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका, दहा-बारा चांगल्या पेशी सापडेपर्यंत बसायचं.

कुणाच्या ओळखीने मोठ्या संशोधन संस्थेत फ्लो सायटोमीटर (पेशीतला डीएनए किती ते मोजणारं यंत्र) मिळत असेल तर पान पाठवा, एका दिवसात काम होतं. साध्या रोपाचं पान सोबत पाठवायचं, आलेखात त्याच्या दुप्पट जागी शिखर आलं की चतुर्गुणित. दोन शिखरं आली तर ते मिश्र रोप, म्हणजे काही पेशी साध्या, काही दुप्पट, ते टेस्टमध्ये घेऊ नका.

७. कोल्चिसिन वापरायचंच असेल तर

गाइडशिवाय आणि लॅबच्या बाहेर अजिबात नाही. कोल्चिसिन विष आहे, थोडं पोटात गेलं तरी माणूस दगावू शकतो. हातमोजे, चष्मा, फ्यूम हूड, आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही.

ते पेशीतल्या सूक्ष्मनलिका तयार होऊ देत नाही, त्यामुळे गुणसूत्रं दुप्पट होतात पण पेशीचे दोन भाग होत नाहीत. झाडांसाठी साधारण ०.०५ ते ०.५ टक्के वापरतात, दोन बीजपत्रांच्या अवस्थेत शेंड्यावर कापसाचा बोळा ठेवून. बरीच रोपं मरतात, हे धरूनच संख्या घ्या.

पण सापळा मरण्याचा नाही. शेंड्याला औषध लावलं म्हणजे मूळ साधंच राहिलं. पान मोठं, रक्षक पेशी मोठ्या, सगळं छान दिसतं आणि त्याच रोपाला मिठाचं पाणी देऊन लोक निकाल लिहितात. तो निकाल साध्या मुळाचा असतो. त्या फांदीची गुटी किंवा कलम करून स्वतःची मुळं फुटू द्या, आणि त्या नवीन मुळांची गुणसूत्रं पुन्हा मोजा, कारण नवीन मूळ फांदीच्या आतल्या थरातून फुटतं आणि बाहेरचा थर दुप्पट असला तरी आतला नसू शकतो. शिवाय तुलनेला अशी रोपं ठेवा ज्यांना औषध लागलं पण गुणसूत्रं दुप्पट झाली नाहीत, नाहीतर औषधाचा परिणाम आणि संचाचा परिणाम वेगळा काढता येणार नाही.

८. मिठाची टेस्ट

रोपं सात-आठ महिन्यांची झाली की ऑगस्ट अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ बरा. सप्टेंबरचा पाऊस आपल्याकडे दणकून येतो आणि पिशवीतलं मीठ धुऊन नेतो, म्हणून वर प्लास्टिकचं छप्पर पाहिजेच. एप्रिल-मेमध्ये करू नका, चाळीसच्या वर पारा गेला की रोप मिठाने सुकलं की उन्हाने ते सांगता येत नाही.

वाळू आणि कोकोपीट भरा. काळी माती नको, ती क्षार धरून ठेवते आणि तुम्ही दिलेलं मीठ नि मुळाला मिळालेलं मीठ यांचा मेळ बसत नाही.

चार गट करा: साधं पाणी, २५ मिलिमोलर म्हणजे लिटरला १.४६ ग्रॅम मीठ, ५० मिलिमोलर म्हणजे लिटरला २.९२ ग्रॅम, आणि चौथा गट तुमच्या रानातल्या प्रत्यक्ष बोअरच्या पाण्याचा. हा चौथा गट बहुतेक जण घेत नाहीत. लॅबमध्ये नुसतं सोडियम क्लोराइड असतं, आपल्या पाण्यात सल्फेट आणि बायकार्बोनेटही असतात, त्यामुळे लॅबमधलं हिरवंगार रोप रानात पिवळं पडू शकतं. प्रत्येक गटात साधी सहा आणि चतुर्गुणित सहा रोपं तरी हवीत. तेवढी चतुर्गुणित नसतील तर गट कमी करा, रोपं कमी करू नका.

साधं पाणी म्हणजे आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं. कॉलेजच्या नळाला बोअरचं पाणी असेल तर त्याचा ईसी आधी मोजा, तोच २ च्या पुढे निघाला तर तुमचा बिनमिठाचा गट आधीच मिठात आहे. लिंबूवर्ग क्षाराला नाजूक, संत्र्याचं उत्पादन मातीचा ईसी दीड-पावणेदोनच्या पुढे गेला की घटायला लागतं.

मीठ एकदम देऊ नका. २५ आणि ५० च्या दोन्ही गटांना आधी २५, चार-पाच दिवसांनी ज्यांना द्यायचंय त्यांना ५०. दर वेळी इतकं पाणी द्या की पाव भाग खालून निथळून जाईल, आणि निथळलेल्या पाण्याचा ईसी आठवड्यातून एकदा मोजा, तो वर चढत असेल तर मीठ साठतंय. खत सगळ्यांना सारखं. आठ आठवडे तरी चालवा. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत फक्त पाणी ओढायची अडचण दिसते, पानात मीठ साठून होणारं नुकसान नंतर येतं, आणि झाडाच्या बाबतीत तेच खरं.

९. काय मोजायचं आणि कसं वाचायचं

जळालेल्या पानांची नोंद, गळालेली पानं, मुळांचं आणि वरच्या भागाचं वाळलेलं वजन, पानातलं सोडियम आणि पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर, आणि पानातलं क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनने. क्लोराइड सोडू नका. लिंबूवर्गात जास्त नुकसान सोडियमपेक्षा क्लोराइडच करतं.

वजनाची तुलना थेट करायची नाही. चतुर्गुणित रोप मुळात लहानच असतं. साध्या पाण्यातल्या आपल्याच भावंडापेक्षा मिठात किती टक्के घटलं ते काढा, दोन्ही प्रकारांचं वेगवेगळं, आणि मग ते टक्के शेजारी ठेवा.

आणि पिशव्यांचं रोज सकाळी वजन घ्या. कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय उत्तर मिळत नाही. वजनाच्या घटीवरून रोपाने किती पाणी उडवलं ते कळतं (एक रिकामी, रोप नसलेली पिशवी ठेवून बाष्पीभवन वजा करा). मग रोपाच्या पानांत साठलेल्या एकूण क्लोराइडला उडवलेल्या पाण्याच्या लिटरने भागा. चतुर्गुणित रोपात क्लोराइड कमी निघालं पण दर लिटरमागे सारखंच असेल तर मूळ काही गाळत नाही, रोप फक्त कमी पितंय. असं रोप दहा वर्षांच्या बागेत हळूहळू तेवढंच मीठ साठवेल. दर लिटरमागेही कमी आलं तर मात्र मूळ खरंच मीठ अडवतंय, आणि तो निकाल पुढे न्यायच्या लायकीचा आहे.

१०. पुढे काय

दर लिटरमागे कमी निघालेल्या खुंटावर कागदी लिंबाचा डोळा भरा, साध्या खुंटावरही त्याच झाडाचा डोळा भरा, आणि दोन्ही ईसी २ ते ३ च्या रानात शेजारी-शेजारी लावा. चतुर्गुणित खुंटावर झाड ठेंगणं राहतं, ते जवळ लावता येतं, पण उत्पन्नाचा हिशोब एकराने करा, झाडाने नाही.

शेतकऱ्याने विचारलं तर त्याला मोकळेपणाने सांगा की ईसी ४ च्या वर गेलेल्या रानात लिंबू लावूच नये, खुंट कुठलाही असो, तिथे बोर बरी. पीएच साडेआठच्या वर आणि माती चोपण असेल तर आधी जिप्सम आणि चर, झाड नंतर. कालव्याखालच्या रानात पाण्याची पातळी वर आली असेल तर निचरा काढल्याशिवाय कुठलंच मूळ टिकत नाही.

आणि काढलेली चतुर्गुणित रोपं टेस्टमध्ये सगळी संपवू नका. त्यातली दोन तरी मोठ्या कुंडीत वेगळी सांभाळा, फळाला आली की त्यांच्या बियातून त्याच नमुन्याची रोपं घेता येतात आणि पुढच्या पोरांना पुन्हा हजार रोपांचा वाफा उपसावा लागत नाही. त्या रोपांचीही पर्णरंध्रं एकदा तपासून घ्यायची.